घरफोडी, पिस्तूल आणि शिक्षेचं मोजमाप

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याचा निरोप आला. ते म्हणाले, "सर, तुम्ही कान्ट सांगता, बेन्थॅम सांगता, शिक्षा का द्यावी याची चर्चा करता, पण किती द्यावी हे काही सांगत नाही. चोर रात्री घरात शिरला, त्याच्या हातात पिस्तूल होतं, तर तीन वर्षं की सात की चौदा? हे कसं ठरतं?" प्रश्न रास्त आहे. 'का' या प्रश्नावर तत्त्वज्ञ मंडळींनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत. 'किती' म्हटलं की आम्ही वकिलांकडे बोट दाखवतो. आज तसं करणार नाही. आणि त्या श्रोत्याला माहीत नाही, पण त्यांनी नेमकं जे उदाहरण निवडलं ते माझ्या घरात घडलेलं आहे. तिथूनच सुरुवात करतो.

१९९४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज जुने होते, बदलायचे बदलायचे म्हणत राहिले होते. पहाटे तीनच्या सुमारास दोन मुलं ते गज वाकवून आत आली. मुलंच म्हणतो, कारण नंतर कळलं की एक एकोणीस वर्षांचा होता, दुसरा बावीसचा. माझी आई पुढच्या खोलीत झोपायची. मी आवाजाने उठून बाहेर आलो तेव्हा एक जण कपाट उचकत होता आणि दुसरा आईच्या उशाशी उभा होता. त्याच्या हातात पिस्तूल. आईने मुकाट्याने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. माझ्या पत्नीने मंगळसूत्र दिलं. मी काय केलं? मी काही केलं नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो. दहा मिनिटांत ते आले तसे गेले.

पुढे दोघं सापडले, मुद्देमालही बराचसा सापडला. आणि पिस्तूल? ते पिस्तुलाच्या आकाराचं सिगारेट लायटर निघालं. घोडा दाबला की नळीतून ज्योत यायची. पंचनाम्यात तसं नोंदलं गेलं, आणि खटल्याचा सगळा नूर तिथून पालटला.

का पालटला, ते समजायला थोडा कायदा बघावा लागेल. कंटाळू नका, हा भाग मी समजतो तितका रुक्ष नाही.

आपली भारतीय दंडसंहिता १८६० ची. मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा, १८३७ चा. आता तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, पण ज्या कलमांबद्दल मी बोलतोय त्यांचा गाभा फारसा बदललेला नाही, आकडे बदललेत. आमचा खटला जुन्या कलमांखाली चालला, म्हणून मी जुने आकडे सांगेन आणि जमेल तिथे नवे. तर घरफोडी हा एक गुन्हा. जबरी चोरी हा दुसरा. जबरी चोरी म्हणजे चोरी अधिक भीती: तत्काळ इजा होईल असं भय घालून नेलं की चोरीची जबरी चोरी होते. पाच किंवा अधिक जण मिळून असतील तर तोच दरोडा. आमच्याकडे दोघेच होते, म्हणजे वर्तमानपत्राने 'दरोडा' छापलं ते चूक होतं. असो.

जबरी चोरीला कलम ३९२ खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. न्यायाधीश एक वर्ष देऊ शकतो, दहा देऊ शकतो. पण कलम ३९७ येतं आणि म्हणतं, जबरी चोरी किंवा दरोडा घालताना ज्याने घातक हत्यार वापरलं, किंवा जबर दुखापत केली, त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येणार नाही. इथे छत नाही, इथे जमीन आहे. सातच्या खाली उतरायला जागाच नाही. नव्या संहितेत हेच कलम ३११ झालं आहे आणि सात वर्षांची जमीन तशीच आहे.

आता 'वापरलं' म्हणजे काय? पिस्तूल झाडलं तरच वापरलं? नुसतं दाखवलं तर? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ साली आला, फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात. दिल्लीतल्या एका पेट्रोल पंपावरची लूट होती. एकाच्या हातात सुरा, दुसऱ्याच्या हातात लहान बंदूक. सुरा कोणाला मारला नव्हता. न्यायालयाने म्हटलं, समोरच्याला दिसेल असं हत्यार हातात असणं, त्याला धाक बसेल अशा रीतीने, हाच वापर आहे. आणि त्यामागची युक्तिवादाची साखळी बघा, तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. पुढचं कलम ३९८ म्हणतं की हत्यार घेऊन जबरी चोरीचा नुसता प्रयत्न केला तरी किमान सात वर्षं. तिथे शब्द 'सज्ज असणे' असा आहे. मग ३९७ मधल्या 'वापर'चा अर्थ 'झाडणे, भोसकणे' असा घेतला तर काय होईल? सुरा घेऊन जो फसला त्याला किमान सात, आणि सुरा घेऊन ज्याची चोरी फत्ते झाली त्याला किमान काहीच नाही. असा अर्थ कायद्याला अभिप्रेत असूच शकत नाही. म्हणून दाखवणं म्हणजेच वापरणं.

हे झालं 'वापर'चं. पण कलमात दुसरा शब्द आहे, 'घातक हत्यार'. लायटर घातक असतो का? आमच्या खटल्यात बचावाच्या वकिलांनी सगळी इमारत याच एका शब्दावर उभी केली. मी साक्षीला उभा होतो. त्यांनी मला विचारलं, "आपण या प्रसंगापूर्वी पिस्तूल कधी हातात घेतलं होतं का?" नाही. "प्रत्यक्ष पाहिलं होतं?" पोलिसाच्या कमरेला. "मग ते खरं होतं हे आपण कशावरून म्हणता?" मी म्हणालो, खरं होतं असं मी म्हणतच नाही, मला ते खरं वाटलं असं म्हणतो. त्यावर ते खूश होऊन खाली बसले. ज्ञान आणि विश्वास यांतला फरक मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होतो. भर कोर्टात तो मीच आरोपीच्या पदरात घातला.

३९७ गेलं. राहिलं ३९२, आणि त्याच्या जोडीला ४५८. हे ४५८ फार कोणाला ठाऊक नसतं, पण आजच्या विषयात मला ते सर्वांत बुद्धिमान कलम वाटतं. ते म्हणतं: रात्रीची घरफोडी करताना ज्याने कोणाला इजा करण्याची, अडवून ठेवण्याची, *किंवा इजेची भीती घालण्याची* तयारी केलेली असेल, त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. भीती घालण्याची तयारी! म्हणजे लायटर खिशात घालून येणारा माणूस नेमका इथे बसतो. त्याने मारण्याची तयारी केली नव्हती. भिववण्याची केली होती. नव्या संहितेत हे ३३१ च्या सहाव्या पोटकलमात आहे.

दोघांना चार-चार वर्षं झाली. घरी येऊन मी आईला समजावून सांगितलं की पिस्तूल खोटं होतं, म्हणून सातची सक्ती लागू झाली नाही. ती म्हणाली, "पिस्तूल खोटं होतं म्हणे. पण मी भ्यायले ती तर खरीच ना?"

तर आजचा प्रश्न आईचा आहे. त्या श्रोत्यांना राग येऊ नये, त्यांचाही आहेच.

आईच्या प्रश्नाला इंग्लंडच्या कायद्याने जे उत्तर दिलंय ते तिच्या बाजूचं आहे. तिथे १९६८ चा थेफ्ट अॅक्ट आहे. त्याच्या नवव्या कलमात घरफोडी, राहत्या घरात असेल तर चौदा वर्षांपर्यंत. दहाव्या कलमात गंभीर घरफोडी, तिला जन्मठेपेपर्यंत. गंभीर केव्हा? चोराजवळ बंदूक असेल, किंवा *बंदुकीची नक्कल* असेल, किंवा इजा करायचं अन्य हत्यार किंवा स्फोटक असेल तेव्हा. म्हणजे खरं पिस्तूल आणि आमचं ते लायटर, दोन्ही एका पंक्तीला. तिकडे शिक्षेचं प्रमाण ठरवण्यासाठी सेंटेन्सिंग कौन्सिल नावाची संस्था आहे, २००९ च्या कायद्याने झालेली. २०१२ सालापासून लागू झालेल्या तिच्या तक्त्यात गंभीर घरफोडीच्या सर्वांत वरच्या गटासाठी सुरुवातच दहा वर्षांपासून होती आणि कक्षा नऊ ते तेरा. घरात माणसं होती का, लहान मूल होतं का, रात्र होती का, हे सगळं तिथे बघतात.

पण नक्कल म्हणजे कुठपर्यंत? इथे मला एक खटला सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेला. खटल्याचं नाव आर विरुद्ध बेन्थॅम. आपला जेरेमी नव्हे हो, आरोपीचं आडनाव बेन्थॅम! शिक्षेच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्याला देवाने दिलेली गंमत म्हणायची. तर हा गृहस्थ पहाटे एका घरात शिरला, माणूस अंथरुणात होता. याने हात जाकिटाच्या आत घालून बोटं अशी पुढे काढली की कापडाआडून बंदुकीची नळी वाटावी. आणि पैसे मागितले, गोळी घालीन म्हणाला. पैसे-दागिने मिळाले. जबरी चोरी त्याने कबूल केली. प्रश्न उरला तो बंदूक कायद्यातल्या वेगळ्या आरोपाचा: गुन्हा करताना नकली बंदूक *जवळ बाळगली*. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरलं. बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू म्हणजे नक्कल, आणि जाकिटातली बोटं बंदुकीसारखी दिसत होती, मग अडचण काय?

लॉर्ड्सनी तो दोष रद्द केला. कारण एका ओळीत सांगण्यासारखं: माणूस स्वतःची बोटं 'बाळगत' नाही. बाळगायला ती वस्तू माझ्यापासून वेगळी असावी लागते. त्यासाठी रोमन कायदेपंडित उल्पियनचं वचन काढलं गेलं की स्वतःच्या अवयवांचा मालक कोणी नसतो. आणि लॉर्ड बिंगहॅम यांनी असंही दाखवलं की बोटं ही मालमत्ता मानली तर गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता म्हणून न्यायालय ती पोलिसांच्या ताब्यात देण्याचा हुकूमही करू शकेल. हसू येतं, पण यात खोल काहीतरी आहे. माझं शरीर माझं आहे की मी माझं शरीर आहे, या प्रश्नावर आम्ही वर्षानुवर्षं परिसंवाद घेतले. तिथे एका घरफोड्याच्या दोन बोटांनी तो निकालात काढला.

पण लक्षात घ्या, त्या अंथरुणातल्या माणसाची भीती बोटांनी कमी झाली नव्हती. लायटरने आईची कमी झाली नाही, तशीच. म्हणजे इंग्लंडचा कायदा आईच्या बाजूने चालत येतो आणि अगदी दारात थबकतो. भीती हेच जर माप असेल, तर लायटर आणि बोट यांत फरक करायचं कारण काय? कारण एकच, कायद्यातला 'बाळगणे' हा शब्द. त्यामागे नैतिक कारण काही सापडत नाही.

मग भीती हे माप धरूच नये का?

इथे अँड्र्यू फॉन हर्श आणि नील्स यारेबोर्ग या दोघांचा १९९१ चा एक निबंध मला उपयोगी वाटतो. गुन्ह्याची हानी मोजायची कशी, हा त्यांचा विषय. ते म्हणतात, प्रत्येकाला नेमकं काय वाटलं यावर जाऊ नका. साधारण माणसाच्या जगण्याच्या दर्जाला या प्रकारच्या गुन्ह्याने किती धक्का बसतो ते बघा. आणि तो दर्जा त्यांनी काही अंगांनी पाहिला: शरीराची सुरक्षितता, निर्वाहाची साधनं, मानहानीपासून मुक्ती, आणि खासगीपण. हे समोर ठेवलं की घरफोडी का जड पडते ते दिसतं. गेलेला माल बघितला तर घरफोडी म्हणजे साधी चोरीच. पण घर ही एकच जागा असते जिथे माणूस सावध नसतो. झोपलेला असतो. चष्मा काढलेला असतो, कवळी काढलेली असते. आई त्या रात्री नऊवारीही नेसलेली नव्हती, जुन्या पातळाचा गुंडाळा होता. तिला पाटल्यांपेक्षा तेच जास्त लागलं होतं, हे तिने फार वर्षांनी सांगितलं.

जुन्या समाजांना हे चांगलं माहीत होतं. बायबलच्या निर्गम ग्रंथात रात्री घर फोडताना मारला गेलेल्या चोराच्या रक्ताचा दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. रोमच्या बारा पट्टिकांमध्येही रात्रीच्या चोराला मारण्याची मुभा होती. मनुस्मृतीत रात्री भिंतीला भोक पाडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून सुळी देण्याची शिक्षा सांगितली आहे. आणि त्याच संस्कृतात मृच्छकटिकातला शर्विलक आहे, भिंतीला कलात्मक भोक पाडणारा, मोजमापाला जानवं वापरणारा! शास्त्र त्याला सुळावर देतं आणि नाटक त्याच्यावर प्रेम करतं. हे आपल्या परंपरेचं मोठेपण की गोंधळ, यावर वेगळं व्याख्यान होईल.

पण सूर्यास्त-सूर्योदयाची ती रेषा आपल्या कायद्यातही आहे. खासगी संरक्षणाच्या हक्कात, रात्रीच्या घरफोडीच्या वेळी घरमालकाने चोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचू शकतो. जुनं कलम १०३, नवं ४१. त्यालाही मर्यादा आहेत, गरजेपेक्षा जास्त बळ चालत नाही. तेव्हा उद्या कोणी दंडुका घेऊन बसू नका.

आता मी उलट बाजूने येतो. आईच्या बाजूने इतकं बोललो, पण माझं मत तिच्या बाजूचं नाही. तिच्या हयातीत तिला हे सांगायचं धैर्य झालं नाही.

खऱ्या पिस्तुलात दोन गोष्टी असतात. भीती आणि मरण. लायटरमध्ये एकच. ज्याने खरं, भरलेलं पिस्तूल माझ्या आईच्या उशाशी धरलं त्याने तिचा जीव एका दचकण्यावर टांगला. ती खोकली असती, मी धावलो असतो, त्याचा हात घामाने निसटला असता, तर संपलं. ही कल्पना नाही. अमेरिकेत २००९ चा डीन नावाचा खटला आहे, बँक लुटताना पिस्तूल चुकून उडालं. कोणाला लागलं नाही. तिथे संघराज्याच्या कायद्यात हिंसक गुन्ह्यात बंदूक वापरली तर मूळ शिक्षेच्या *वर* किमान पाच वर्षं, रोखून दाखवली तर सात, उडाली तर दहा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चुकून उडाली तरी उडालीच, दहा वर्षं. यात नशिबाला शिक्षा आहे हे खरं, थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली ज्याला नैतिक नशीब म्हटलं ते हेच. पण ज्याने भरलेली बंदूक आणली त्याने त्या नशिबाचं तिकीट स्वतः काढलेलं असतं. लायटर आणणाऱ्याने काढलेलं नसतं.

आणि इथे खरा बेन्थॅम येतो, जेरेमी. त्याच्या १७८९ च्या ग्रंथात एक नियम आहे, आणि बेकारियाने तो त्याच्याआधी १७६४ मध्ये वेगळ्या शब्दांत मांडला होता. दोन गुन्ह्यांतला एक निवडायची वेळ आली तर माणसाने हलका निवडावा, असं शिक्षेचं प्रमाण हवं. थोडक्यात, जड गुन्ह्याची शिक्षा हलक्यापेक्षा ठळकपणे जड हवी. आता चोराच्या जागी बसून विचार करा. बाजारात एक गावठी कट्टा मिळतो आणि एक लायटर. दोन्हींनी घरातली माणसं सारखीच भितात, पाटल्या सारख्याच निघतात. कायदा जर दोन्हींना एकच शिक्षा देत असेल तर चोराला कट्टा टाळायला काय कारण? उलट कट्टा जास्त खात्रीचा. जी व्यवस्था लायटर आणि कट्टा यांत भेद करत नाही ती चोराला नकळत कट्ट्याकडे ढकलते. मला घरात चोर नकोच आहे. पण यायचाच असेल तर तो लायटर घेऊन यावा असं मला वाटतं, आणि त्यासाठी दोन शिक्षांमध्ये अंतर पाहिजे. आपल्या जुन्या संहितेने ते ठेवलं आहे: भीतीसाठी ४५८, वर चौदापर्यंत मोकळीक, खाली सक्ती नाही. प्राणघातक हत्यारासाठी ३९७, खाली सातची जमीन. शिवाय विनापरवाना कट्टा बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याची शिक्षा वेगळी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षं.

एक आक्षेप मला माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतला होता, ती आता वकिली करते. ती म्हणाली, सर, लायटरमुळेही माणूस मरू शकतो. घरमालक घाबरून चोराच्या डोक्यात पाटा घालील. बरोबर आहे. पण तो धोका चोराने स्वतःवर ओढवून घेतलेला आहे, आईवर नव्हे. शिक्षेच्या तागडीत तो त्याच पारड्यात टाकता येत नाही.

आता सातची ही सक्ती, ही जमीन, हिच्याबद्दल मात्र माझ्या मनात किंतु आहे. शिक्षेचं अंतर हवं म्हणजे सक्ती हवीच असं नाही. सक्तीने न्यायाधीशाचं अधिकारक्षेत्र संपत नाही, ते सरकतं. कुठे? कलम लावणाऱ्याकडे. एफआयआर लिहिताना ३९७ घातलं की नाही, दोषारोपपत्रात ठेवलं की नाही, यावर चार की सात हे ठरतं, आणि ते ठरवणारा माणूस खुल्या न्यायालयात कारणं देत नाही. न्यायाधीशाला द्यावी लागतात.

दुसरं, सोबतीच्या माणसाचं काय? आमच्या घरात एक आईच्या उशाशी होता, एक कपाटाशी. समजा हत्यार खरं असतं. ३९७ खाली सातची सक्ती ज्याने वापरलं त्यालाच, कपाटवाल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राम रतन विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं. पण त्याच संहितेत कलम ४६० आहे: रात्रीच्या घरफोडीत एकाने जीव घेतला किंवा जबर दुखापत केली, तसा प्रयत्न जरी केला, तर सामील असलेल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. एकीकडे ज्याचं त्याने, दुसरीकडे सगळ्यांनी. अमेरिकेत २०१७ चा आणखी एक डीन खटला आहे, हा डीन निराळा. भावाबरोबर त्याने अमली पदार्थ विकणाऱ्या दोघांना लुटलं. रायफल भावाच्या हातात होती, मारही भावाने दिला. तरी बंदुकीच्या दोन आरोपांची सक्तीची शिक्षा डीनला झाली तीस वर्षं, आणि ती लुटीच्या शिक्षेवर चढवायची, बरोबरीने भोगायची नाही. न्यायाधीशाला तीस वर्षं आणि एक दिवस पुरे वाटत होते, पण कायदा तसं करू देत नाही असं समजून त्याने चाळीस महिने आणखी दिले. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, लुटीची शिक्षा ठरवताना ती तीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. म्हणजे न्यायाधीशाला तारतम्य वापरता येतं, हे सांगायलासुद्धा देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आणि आपल्याकडे सात या आकड्याला आता आणखी एक शेपूट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तो 'घोर' गुन्हा. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने असा गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का याची प्राथमिक तपासणी होते. ३९७ त्यात बसतं. ४५८ ला किमान शिक्षाच नाही, ते बसत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली वस्तू घातक होती की नव्हती, या एका मुद्द्यावर तो कोणत्या दारातून आत जातो हे ठरू शकतं.

मग माझा पर्याय काय? न्यायाधीशाला मोकळीक द्यावी, पण वाऱ्यावर सोडू नये. आपल्याकडे शिक्षेचं प्रमाण ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच एकाहून अधिक वेळा बोलून दाखवलं आहे. मलिमठ समितीने २००३ मध्ये त्यांची शिफारस केली होती. दोषी ठरल्यावर शिक्षेपुरती वेगळी सुनावणी घ्यायची, हा चांगला नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणला. आमच्या खटल्यात ती सुनावणी मी पाहिली. दहा मिनिटांत झाली. वकील म्हणाले, आरोपी तरुण आहेत, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, दया दाखवावी. माझी आई शेजारच्या बाकावर बसली होती. 'म्हातारी आई' म्हटल्यावर तिने मान वर केली. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि त्या मुलाच्या आईलाही नाही. लायटर कुठून आणलं, का आणलं, खरं पिस्तूल मिळत असताना घेतलं नाही की मिळालं नाही म्हणून घेतलं नाही, हेही कोणी विचारलं नाही. माझ्या दृष्टीने शिक्षा त्याच उत्तरावर हलायला हवी होती.

समोरून प्रश्न आलाय, मोठ्याने वाचतो. "तुम्ही न्यायाधीश असता तर किती दिली असती?" उशाशी उभा होता त्याला पाच. कपाटवाल्याला तीन, कारण लायटर आणायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं असं पुराव्यात आलं नव्हतं. आणि आईला बोलावून विचारलं असतं. तिने काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे, तिने पाटल्या मागितल्या असत्या.

त्या मुद्देमाल म्हणून निकालानंतरही बराच काळ अडकून होत्या. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं की असा माल फोटो काढून, पंचनामा करून, हमी घेऊन लवकर परत द्यावा. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात वर्षानुवर्षं ठेवू नये. आमच्या वेळी ते नव्हतं. पाटल्या १९९८ साली एका खाकी पाकिटात आल्या, त्यावर गुन्ह्याचा नंबर लिहिलेला. आईने त्या पाकिटासकट कपाटात ठेवल्या. हातात पुन्हा घातल्या नाहीत.

बरं, पुढचा प्रश्न घेऊ या.